प्रकाशाची वळणवाट

अंधाऱ्या माजघरात एखादी वस्तू शोधावयाची असली म्हणजे आपण प्रथम दिवा हाती घेतो. दिवा नसेल, तर दृष्टी कितीही तीक्ष्ण असली तरी तिचा उपयोग होत नाही. मनुष्याच्या शरीरातही अशी अनेक अंधारी दालने आहेत. डोळा, कान, जीभ, घसा हे अवयव वैद्याला बाहेरून पाहता येतात. परंतु पोटाच्या आत काय चालले आहे, हे त्याला शतकानुशतके तर्कानेच ओळखावे लागे. नाडी पाहावी, पोट दाबून पाहावे, रोग्याला चार प्रश्न विचारावेत आणि अनुमान बांधावे, एवढेच त्याच्या हाती होते. ज्या रोगात वेदना लवकर सुरू होते, त्या रोगात अशा अनुमानाने काम भागते. पण जो रोग वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो, त्याला वेळेवर गाठावयाचे कसे? मोठ्या आतड्याचा कर्करोग हा असाच मुका रोग आहे. त्याच्यापर्यंत प्रकाश कसा पोहोचला आणि त्या प्रकाशाने काय साधले, ते या पाठात पाहावयाचे आहे.

प्रथम मोठ्या आतड्याची ओळख करून घेऊ. आपण खाल्लेले अन्न जठरातून लहान आतड्यात आणि तेथून मोठ्या आतड्यात येते. मोठ्या आतड्याची लांबी सुमारे दीड मीटर असते. पोटाच्या उजव्या बाजूस खाली त्याचा आरंभ होतो. तेथून ते वर चढते, आडवे होऊन डावीकडे जाते, मग खाली उतरते आणि एक नागमोडी वळण घेऊन गुदद्वाराशी संपते. उरलेल्या अन्नरसातील पाणी व क्षार शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम होय. त्याला आतून गुलाबी, ओलसर व मऊ अस्तर असते. हे अस्तर सतत झिजते आणि सतत नवे होते. थोड्याच दिवसांत जुन्या पेशी गळून पडतात व नव्या पेशी त्यांची जागा घेतात. जन्मभर हे काम चाललेले असते आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

पेशींच्या या अखंड उत्पत्तीत एखादे वेळी बिघाड होतो. जेथे थांबावयाचे तेथे काही पेशी थांबत नाहीत. त्या वाढतच राहतात. मग अस्तरावर एक लहानसा उंचवटा दिसू लागतो. त्याला पॉलिप असे म्हणतात. पॉलिप कधी मोहरीएवढा असतो, तर कधी बोराएवढा. एखाद्याला अळंबीसारखा देठ असतो, तर एखादा अस्तरावर पसरलेला, सहज नजरेत न भरणारा असा असतो. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. परंतु त्यांपैकी काहींच्या पेशी पुढे अधिकाधिक बेबंद होतात आणि त्यांतून कर्करोग उत्पन्न होतो. या स्थित्यंतरास सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात रोग्याला बहुधा काहीच दुखत नाही. तो जेवतो, काम करतो, हसतो, खेळतो. वेदना सुरू होईपर्यंत रोग पुष्कळदा दूरवर पसरलेला असतो. सन २०२० मध्ये जगात सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने मरण पावले.

या माहितीत भीतीबरोबर एक आशाही दडलेली आहे. दहा वर्षे ही काही थोडी मुदत नव्हे. त्या मुदतीत कोणी आतड्यात डोकावून पाहिले, तर तो लहानसा उंचवटा रोग होण्यापूर्वीच दिसेल. अडचण एवढीच, की तेथे डोकावावे कसे? तेथे काळोख असतो, आणि वाट वळणावळणांची असते.

हा काळोख दूर करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न जर्मनीत झाला. फ्रँकफुर्ट येथील फिलिप बोत्सिनी नावाच्या तरुण डॉक्टराने १८०६ च्या सुमारास एक उपकरण बनविले. फुलदाणीच्या आकाराच्या एका पेटीत मेणबत्ती लावलेली असे. आरशाच्या साहाय्याने तिचा प्रकाश एका नळीतून शरीराच्या पोकळीत सोडावयाचा व त्याच वाटेने आत पाहावयाचे, अशी त्याची योजना होती. या उपकरणास त्याने 'प्रकाशवाहक' अशा अर्थाचे नाव दिले. व्हिएन्ना शहरातील वैद्यक-पंडितांनी मात्र त्याची उपेक्षा केली. पुढे रोग्यांची शुश्रूषा करीत असताना बोत्सिनीला विषमज्वरासारखा एक सांसर्गिक ताप जडला आणि १८०९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. त्याची मेणबत्ती मंद होती. पण शरीराच्या आत दिवा न्यावा, हा त्याचा विचार मंद नव्हता.

१८६८ मध्ये जर्मनीतच आडोल्फ कुसमाउल या डॉक्टराने आणखी एक पाऊल टाकले. घशातून सरळ तलवार उतरवून दाखविणारा एक खेळकरी त्याला भेटला होता. तलवारीच्या जागी पोकळ नळी घातली तर जठरापर्यंत पाहता येईल, असे कुसमाउलला वाटले. खेळकऱ्याने नळी सहज गिळली. परंतु दिव्याचा प्रकाश इतका अपुरा पडला, की आतले नीट काहीच दिसेना. पुढे विजेचे दिवे आले आणि उजेडाचा प्रश्न काही अंशी सुटला. तथापि नळी सरळ व ताठच राहिली. सरळ नळी मोठ्या आतड्याच्या पहिल्या वळणाशी अडते. त्यापलीकडचे सारे आतडे पूर्वीप्रमाणे अंधारातच राहिले.

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. मग तो वळणावरून न्यावयाचा कसा? याचे उत्तर पाण्याच्या एका साध्या धारेत सापडते. एक पारदर्शक बाटली पाण्याने भरून तिच्या बाजूस तळाजवळ छिद्र पाडा. पाण्याची बारीक धार बाहेर पडून वळत वळत खाली येईल. आता अंधाऱ्या खोलीत बाटलीच्या दुसऱ्या बाजूने, छिद्राच्या समोर, विजेरी धरा. प्रकाश धारेबरोबर वाकत खाली येतो आणि धार जेथे पडते तेथे उजळलेला ठिपका दिसतो. जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडन यांनी १८४१ मध्ये आणि इंग्लंडात जॉन टिंडल यांनी १८५४ मध्ये लोकांना असाच प्रयोग करून दाखविला होता.

येथे प्रकाशाने आपला नियम मोडलेला नसतो. धारेच्या आत तो सरळच जातो. पण पाणी व हवा यांच्या सीमेवर तो तिरकस आदळला म्हणजे बाहेर न पडता संपूर्णपणे आत परावर्तित होतो. पुन्हा सरळ जातो, पुन्हा आदळतो, पुन्हा आत फिरतो. अशा असंख्य लहान सरळ उड्या घेत तो वळण पार करतो. या क्रियेला संपूर्ण आंतरिक परावर्तन असे म्हणतात. पाण्याच्या धारेऐवजी केसासारखा बारीक काचेचा तंतू घेतला, तर त्यातूनही प्रकाश असाच धावतो. एवढा बारीक काचतंतू वाकविला तरी सहसा तुटत नाही.

१९३० मध्ये हाइनरिख लाम या जर्मन विद्यार्थ्याने काचतंतूंच्या जुडीतून एका दिव्याच्या तारेची अंधुक आकृती पलीकडे नेऊन दाखविली. परंतु चांगले चित्र मिळण्यास आणखी चोवीस वर्षे जावी लागली. ते काम लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी यांनी केले. कपानी यांचा जन्म १९२६ साली पंजाबातील मोगा येथे झाला. देहरादून येथे शिकत असताना प्रकाश केवळ सरळ रेषेतच जातो असे शिक्षकांनी सांगितले, तेव्हा तो वळविता येणारच नाही काय, हा प्रश्न आपल्या मनात रुजला, असे ते पुढे सांगत असत. १९५४ च्या जानेवारीत 'नेचर' या नियतकालिकात हॉपकिन्स आणि कपानी यांचा लेख प्रसिद्ध झाला. हजारो काचतंतूंची जुडी करावयाची, आणि एका टोकास तंतूंचा जो क्रम असेल तोच दुसऱ्या टोकासही काटेकोरपणे राखावयाचा, ही त्यातील मुख्य गोष्ट होती. प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेतो. क्रम बिघडला तर ठिपके पोहोचतात, पण चित्र विसकटते. क्रम राखला तर जुडी कशीही वाकवा, पलीकडे चित्र जसेच्या तसे उमटते.

तो लेख बेसिल हर्शोविट्झ या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या तरुण डॉक्टराने वाचला आणि तो लंडनला जाऊन त्या दोघांना भेटला. पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात त्याने आपल्या सहकाऱ्यांसह असे उपकरण बनविण्यास आरंभ केला. तेथे एक नवी अडचण उभी राहिली. जुडीतील तंतू एकमेकांना चिकटले, की एकातला प्रकाश दुसऱ्यात झिरपे. १९५६ च्या डिसेंबरात लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने त्यावर तोड काढली. प्रत्येक तंतूला त्याने वेगळ्या जातीच्या काचेचे पातळ वेष्टन दिले. आता प्रकाश त्या वेष्टनाच्या सीमेवरूनच आत परतू लागला. १९५७ च्या फेब्रुवारीत हर्शोविट्झने ते लवचीक उपकरण प्रथम स्वतःच्या घशातून उतरविले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका रोग्याची तपासणी केली. जे दुसऱ्याच्या शरीरात घालावयाचे, ते आधी आपण सोसून पाहावे, हा त्याचा विचार ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

अशीच लवचीक नळी थोडी लांब करून गुदद्वारावाटे मोठ्या आतड्याच्या पार आरंभापर्यंत नेता येऊ लागली. या तपासणीस कोलोनोस्कोपी म्हणतात. आपल्याकडे लोक तिला 'दुर्बिणीची तपासणी' असेही म्हणतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉक्टर विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी त्यात फार मोलाची भर घातली. नळीतील एका पोकळ वाटेने त्यांनी तारेचा बारीक फास आत सरकविला, तो पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि तारेत विजेचा प्रवाह सोडून पॉलिप कापून काढला. विजेच्या उष्णतेने जखम तेथल्या तेथे शेकली जाते व रक्तस्राव टळतो. आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नाही. पूर्वी आतड्याच्या वरच्या भागातील पॉलिप काढण्यासाठी पोट चिरावे लागत असे. आता पाहणारा डोळा आणि काढणारा हात एकाच नळीतून आत जाऊ लागला.

पॉलिप काढल्याने कर्करोग खरोखरच टळतो काय? हे ताडून पाहण्यासाठी अमेरिकेत १४१८ लोकांची पाहणी करण्यात आली. त्यांच्या आतड्यातील पॉलिप अशा रीतीने काढून टाकलेले होते. पुढे सरासरी सुमारे सहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. एरवी इतक्या लोकांत किती जणांना हा कर्करोग झाला असता, याचा हिशेब तीन निरनिराळ्या रीतींनी मांडला, तेव्हा तो सुमारे २० पासून ४८ पर्यंत आला. प्रत्यक्षात तो केवळ ५ जणांना झाला, आणि तोही प्रारंभीच्या अवस्थेतला. १९९३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आजच्या उपकरणात चित्र वाहून आणण्याचे काम बहुधा काचतंतूंकडे राहिलेले नाही. १९८३ पासून नळीच्या टोकाशीच एक इवलासा कॅमेरा बसविण्यात येऊ लागला. तो आतील दृश्य विजेच्या संकेतांच्या रूपाने बाहेर पाठवितो आणि डॉक्टर ते पडद्यावर पाहतात. तपासणीपूर्वी रोग्याला केवळ पातळ पदार्थ व रेचक देऊन आतडे स्वच्छ करतात, कारण मळलेल्या भिंतीवरचा डाग दिसत नाही. त्रास होऊ नये म्हणून गुंगीचे औषधही देतात. नळी प्रथम आतड्याच्या आरंभापर्यंत नेतात आणि परत काढताना सावकाश, प्रत्येक घडीच्या मागे डोकावीत, अस्तर न्याहाळतात. या परतीच्या पाहणीस निदान सहा ते आठ मिनिटे तरी द्यावीत, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून पॉलिप निसटतात.

तरीही एक प्रश्न उरतोच. गुलाबी अस्तरावरचा गुलाबी, पसरट पॉलिप ओळखावयाचा कसा? येथे शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या रंगाचा उपयोग करून घेतला आहे. रात्री विजेरीच्या काचेवर बोटे घट्ट मिटून ठेवा. बोटांच्या कडा लाल दिसतील. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात. त्यांपैकी निळा व हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात शोषून घेते, आणि लाल प्रकाश बराचसा पार जातो. आता उलट विचार करा. पांढऱ्या प्रकाशातून लाल रंग वगळून केवळ निळ्या व हिरव्या प्रकाशाच्या अरुंद पट्ट्या अस्तरावर टाकल्या तर? जेथे जेथे रक्तवाहिन्या असतील तेथे तेथे तो प्रकाश शोषला जाईल आणि त्या काळसर, उठून दिसतील. या कामी ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर व ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश वापरतात. निळा प्रकाश अस्तराच्या वरच्या थरातील सूक्ष्म केशवाहिन्या दाखवितो, तर हिरवा थोड्या खोलवरच्या वाहिन्या दाखवितो. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णालयांत आली. वाढणाऱ्या पॉलिपला रक्त अधिक लागते. त्यामुळे त्याच्यावरील वाहिन्यांचे जाळे निराळे दिसते. तो पॉलिप घातक जातीचा आहे की निरुपद्रवी, याचा अंदाज बांधण्यास त्या जाळ्याची फार मदत होते.

दुसरी युक्ती रंगाच्या शिडकाव्याची. निळीपासून बनविता येणारे इंडिगो कार्माइन नावाचे रंगद्रव्य पाण्यात मिसळून अस्तरावर शिंपडतात. ते आत शोषले जात नाही. बारीक खाचांत जाऊन साचते. पाटीवरील कोरीव अक्षरांवर खडूची पूड चोळली म्हणजे अक्षरे जशी स्पष्ट होतात, तशी पसरट पॉलिपची कड त्या निळ्या रंगाने स्पष्ट होते. तिसरी युक्ती याहून नवलाची आहे. विशिष्ट निळा प्रकाश पडला असता निरोगी अस्तर स्वतःच मंद हिरव्या तेजाने चमकते. डोळ्यांना न जाणवणारी ही चमक सूक्ष्मग्राही कॅमेरा टिपतो. जेथे पेशी बिघडलेल्या असतात, तेथे ती क्षीण झालेली दिसते. अलीकडे लेसर-किरणांच्या साहाय्याने अस्तरातील एकेक पेशी मोठी करून पाहण्याची सोयही काही उपकरणांत झाली आहे.

ज्यांना ही नळी सोसवत नाही, त्यांच्यासाठी गिळावयाचा कॅमेराही निघाला आहे. सुमारे २६ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर जाड अशा कुपीत दिवा, कॅमेरा व चित्रे बाहेर पाठविणारे यंत्र बसविलेले असते. अशा कुपीची माहिती २००० साली प्रथम प्रसिद्ध झाली. ती प्रथम लहान आतड्यासाठी वापरात आली. पुढे मोठ्या आतड्यासाठीही तशीच कुपी बनली. कुपी पाहू शकते, पण पॉलिप काढू शकत नाही. त्यासाठी पुन्हा नळीच लागते. आता पडद्यावरील चित्र संगणकही न्याहाळतो आणि संशयास्पद जागेभोवती चौकट काढून डॉक्टरांचे लक्ष वेधतो. मात्र अखेरचा निवाडा आजही बहुधा जुन्याच रीतीने होतो. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच कर्करोग आहे किंवा नाही, हे निश्चित ठरते.

मेणबत्तीपासून लेसरपर्यंतचा हा सव्वादोनशे वर्षांचा प्रवास मोठा खरा. परंतु त्याचा उपयोग केव्हा होतो? रोगी वेळेवर आला तरच होतो. अनेक लोक शौचातून रक्त पडत असूनही लाजेमुळे ती गोष्ट घरात सांगत नाहीत. मूळव्याध असेल, असे स्वतःच ठरवून ते मोकळे होतात. कित्येकदा ते खरेही असते. पण ते ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा रोग झालेला आहे, त्यांनी काही त्रास नसतानाही डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे. कित्येक देशांत पंचेचाळिशी किंवा पन्नाशी उलटलेल्या निरोगी माणसांचीही तपासणी करतात. काही ठिकाणी प्रथम मलातील अदृश्य रक्ताची साधी परीक्षा करतात आणि ते आढळले तरच दुर्बिणीची तपासणी करतात.

हात मोडला तर आपण तो झाकून ठेवीत नाही. आतडे हाही हातासारखाच शरीराचा एक अवयव आहे. त्याच्या दुखण्यात लाजण्यासारखे काही नाही. वडीलधाऱ्या माणसांनी असे दुखणे बोलून दाखविले, तर ते हसण्यावारी नेऊ नका; त्यांना डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह करा. शास्त्रज्ञांनी वळणावळणांच्या काळोखात दिवा नेऊन ठेवला आहे. त्या दिव्यापाशी वेळेवर जाणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.